घरच्या घरी इंजिनाची फाउंडेशन बदलताना वजन कुठे घ्यायचं, बोल्ट कधी आवळायचा

पाचोऱ्याहून विचारणा आहे. गाडी तीन सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, गिअर हाताचे, चालली सव्वा लाखाच्या आसपास. एसी लावून उभी केली की स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड थरथरतात. पहिल्या गिअरला क्लच सोडला की खालून ‘ठक्’ असा आवाज येतो. गॅरेजवाल्याने तिन्ही फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांनी बॉडीला धरलेलं असतं ती, एकदम बदलायला सांगितली आहेत. घरी रॅम्प नाही, इंजिन उचलायची चेनपुली नाही. पान्यांचा सेट आणि गाडीतला जॅक एवढंच आहे. काम जमेल का?

जमेल, भाऊ. याला फार ताकद लागत नाही आणि कंपनीची खास हत्यारंही लागत नाहीत. लागते ती इंजिनाचं वजन नेमकं उचलून धरायची समज. त्याहून जास्त लागतो शेवटचा बोल्ट आवळण्याआधी थांबायचा संयम. नवीन फाउंडेशन टाकूनही ‘गाडी अजून थरथर करी ऱ्हायनी’ म्हणत जी माणसं परत येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा माल चांगला असतो. इंजिन वाकडं, ताणात असताना बोल्ट आवळलेले असतात, एवढंच. त्यामुळे खोलण्यापेक्षा बसवण्यावर मी जास्त लिहिणार आहे.

आधी खात्री करून घ्या की दोष फाउंडेशनचाच आहे. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच थोडं हलतं. आयडलला, म्हणजे पॅडल न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, 800 आरपीएम (मिनिटाला फेरे) धरा. तीन सिलिंडरमध्ये क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, दर फेऱ्याला दीड स्फोट होतो, म्हणजे सेकंदाला वीस धक्के. चार सिलिंडरमध्ये तेच सव्वीस-सत्तावीस होतात. धक्के जितके कमी आणि जाडे, तितके ते सीटला आणि स्टिअरिंगला जास्त जाणवतात. एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला की इंजिनावर भार येतो आणि धक्का आणखी जड होतो. हा धक्का बॉडीपर्यंत जाऊ न देणं हेच फाउंडेशनच्या रबराचं काम. तेव्हा नवी असतानाही ही गाडी चार सिलिंडरच्या गाडीसारखी गुळगुळीत नव्हती, हे लक्षात ठेवून अपेक्षा ठेवा.

मिसफायरची, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याची, थरथर वेगळी असते. ती सारखी नसते, मधेच गचका बसतो, आणि पॅडल थोडं दाबून 1500 आरपीएमवर धरलं तरी जात नाही. फाउंडेशनची थरथर एकसारखी असते आणि आरपीएम वाढले की बहुतेक विरते. प्लग जुने असतील, एखादी कॉइल अर्धमेली असेल, थ्रॉटल बॉडी काळी झाली असेल तर आधी ते उरका. स्वस्तातलं काम आहे आणि कधीकधी तिथेच प्रश्न मिटतो. ऐंशी-शंभरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर तो चाकांच्या बॅलन्सिंगचा विषय. गाडी सुटताना फक्त क्लचच्या अर्ध्या टप्प्यावर थडथड होत असेल तर क्लच प्लेटकडे बघा. आणि सायलेन्सरचा एखादा रबरी हूक तुटून पाइप बॉडीला टेकला असेल, तर त्याने येणारी थरथर हुबेहूब फाउंडेशनसारखी असते. तो पाइप हाताने हलवून बघायला दोन मिनिटं लागतात; सायलेन्सर थंड असताना बघा.

आता तुमचं ‘ठक्’. अशा गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं. बहुतेकांत वरून दोन फाउंडेशन असतात, एक टायमिंगच्या बाजूला (जिकडे टायमिंगची चेन किंवा बेल्ट असतो) आणि एक गिअरबॉक्सच्या बाजूला, आणि इंजिन-गिअरबॉक्सचं सगळं वजन त्या दोघांवर लटकलेलं असतं. तिसरं खाली मागच्या अंगाला, गिअरबॉक्स आणि खालच्या क्रॉसमेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या लोखंडी तुळईच्या) मध्ये. त्याला टॉर्क रॉड म्हणतात. दोन्ही टोकांना रबरी बुश असलेला लहानसा दांडा असतो तो. तो वजन घेत नाही, इंजिनाला झोके घेऊ देत नाही. पहिल्या गिअरला चाकं पुढे फिरायला लागली की त्याचा उलटा झटका इंजिनाला बसतो आणि इंजिनाचा माथा मागे, केबिनच्या भिंतीकडे झुकतो. रिव्हर्सला तो रेडिएटरकडे झुकतो. टॉर्क रॉडचं रबर फाटलं की हा झोका मोकळा होतो आणि शेवटी लोखंडावर लोखंड आपटतं. तेच ‘ठक्’. म्हणजे तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणंही बहुधा दोन: ठक् खालच्या रॉडचं, उभ्या गाडीची थरथर वरच्या दोघांची.

तपासायला एक माणूस आत बसवा, ज्याला अर्धा क्लच नीट जमतो असा. सपाट जागा, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, पाय ब्रेकवर, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. गाडीच्या समोर किंवा मागे कोणीही उभं राहायचं नाही, लहान मुलं तर अंगणातच नकोत. बॉनेट उघडं ठेवून तुम्ही बाजूने बघा. पहिला गिअर, क्लच हळूहळू वर, इंजिनाचा आवाज किंचित दबला की पुन्हा खाली. मग तसंच रिव्हर्सला. इंजिन थोडं हलणारच. पण ते इंच-दीड इंच उसळी घेत असेल, किंवा एका बाजूला जाऊन आपटत असेल, तर उत्तर मिळालं. हे दोन-तीनदाच करा, क्लच जाळू नका.

मग गाडी बंद करून टॉर्चने वरची दोन बघा. मधला लोखंडी गाभा रबराच्या साधारण मध्यावर तरंगता दिसायला हवा. तो खाली टेकलेला असेल, वर मोठी फट आणि खाली काहीच नाही, तर ते फाउंडेशन बसलं. रबरावरच्या केसासारख्या बारीक रेषांनी घाबरू नका, त्या जुन्या रबराला येतातच. भेग बोटाचं नख जाईल इतकी खोल असेल, किंवा रबर लोखंडापासून सुटलं असेल, तर गेलं. काही गाड्यांत, विशेषतः बऱ्याच डिझेल गाड्यांत, टायमिंगच्या बाजूचं फाउंडेशन आतून तेलभरलेलं असतं. त्याच्या अंगावर काळा ओला ओघळ दिसला की ते संपलं, रबर वरून कितीही चांगलं दिसो. खालच्या रॉडला टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलक्या हाताने रेटा. गाभा रबरात खुळखुळला किंवा रेटल्यावर भेग उघडली तर बदला.

आपल्याकडे ही रबरं लवकर का जातात? एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो, त्यात बॉनेटखालची उष्णता वेगळी. रबर उष्णतेने कडक होतं आणि कडक रबर धक्का गिळत नाही, तडकतं. दुसरं कारण तेल. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून झिरपणारं ऑइल फाउंडेशनवर पडत राहिलं की रबर फुगून मऊ पडतं. असं असेल तर आधी पॅकिंग, मग फाउंडेशन, नाहीतर नवा माल वर्षभरात जुना होईल. तिसरं कारण आपणच ओढवून घेतो. धुलाईच्या सेंटरवर गाडीच्या बुडाला ‘गंज नको’ म्हणून डिझेल मारून घेतात. पत्र्याला त्याने काय फायदा होतो ते सोडा, पण खालची सगळी रबरं, टॉर्क रॉडपासून सस्पेन्शनच्या बुशपर्यंत, त्या डिझेलने नासतात. पुढच्या वेळी नाही म्हणा.

तिन्ही एकदम बदलायची का? गॅरेजवाल्याचं चुकलेलं नाही, तिघांचं वय सारखंच आहे. माझं मत असं की वरची दोन जोडीने बदलावीत. एक नवीन आणि एक बसलेलं असं ठेवलं तर इंजिन एका बाजूला उंच, दुसरीकडे खाली राहतं आणि नव्या रबरावर वाकडा भार येतो. टॉर्क रॉड मात्र एकटा बदलला तरी चालतो, तो तिघांत स्वस्त आणि सोपाही. हात साफ करायला त्याच्यापासून सुरुवात करा. चार-आठ दिवस चालवा. ठक् गेलं आणि उरलेली थरथर सोसण्यासारखी वाटली, तर वरच्या दोघांचा खर्च पुढे ढकलायला हरकत नाही.

माल घेताना आरसीची प्रत किंवा चासी नंबर सोबत न्या. एकाच मॉडेलमध्ये वर्ष बदललं की फाउंडेशन बदलतं, आणि काउंटरवरचा माणूस ‘हेच लागतं’ म्हणतो तेव्हा त्याला तुमच्या गाडीचं वर्ष ठाऊक नसतं. कंपनीचा माल मिळत असेल तर तोच घ्या. बिननावाच्या स्वस्त मालात दोष दिसायचा नाही. त्याचं रबर कडक असतं आणि नवीन लावल्यावर गाडी जुन्यापेक्षा जास्त थरथरते. टॉर्क रॉड घेताना नुसते बुश घेऊ नका, अख्खा रॉड घ्या. बुश दाबून बसवायला प्रेस लागतो, तो घरी नसतो, आणि हातोडीने बसवलेला बुश तिथेच अर्धा फाटतो. अख्खा रॉड मिळतच नसेल तर जुना खोलून लेथवाल्याकडे न्या, हायड्रोलिक प्रेसवर तो पाच मिनिटांत बसवून देईल. रबराच्या फटीत काचेचं सिलिकॉन भरायचा जुगाड मोबाइलवर फिरतो. त्याने थोडे दिवस बरं वाटतं, आणि जुनं तेलकट रबर त्याला धरतही नाही. करू नका.

हत्यारांमध्ये: 12, 14, 17 आणि 19 च्या गोट्या (सॉकेट), रॅचेट, एक लांब एक्स्टेन्शन, रिंग पाने, टॉमी, आणि टॉमीवर चढेल असा दोन-अडीच फुटी पाइप. गाडीतला कात्री जॅक. एक जाड लाकडी फळी, इंजिनाच्या चेंबरच्या (तळाच्या ऑइलच्या भांड्याच्या) रुंदीइतकी. ट्रॉलीचा बॉटल जॅक शेतकऱ्याच्या घरी असतोच, पण तो खाली बसलेला असतानाही बऱ्याचदा वीतभर उंच असतो आणि सपाटीवर उभ्या असलेल्या छोट्या गाडीच्या चेंबरखाली जात नाही. तिथे कात्री जॅकच बरा, तो दाबला की चपटा होतो.

जागा सिमेंटची किंवा फरशीची हवी. काळ्या मातीवर जॅक लावू नका. वरून कितीही टणक दिसली तरी वजन आलं की जॅक एका बाजूला रुततो. दुसरी सोय नसेल तर खाली जाड प्लायवूड किंवा लोखंडी प्लेट टाका. वेळ सकाळची निवडा, गाडी रात्रभर उभी राहिलेली असताना. मे महिन्यात दुपारी उन्हातलं लोखंड हाताळता येत नाही, आणि गरम इंजिनाशेजारी हात घालणं तर नकोच.

आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. स्प्रे फक्त आट्यांवर जाईल असं बघा आणि रबरावर उडालेला लगेच पुसा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. काही गाड्यांत इग्निशन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक फिरतो आणि तुमची बोटं तिथेच असतात. शिवाय गिअरबॉक्सकडचं फाउंडेशन बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या ट्रेखाली असतं, तेव्हा बॅटरी काढावीच लागते.

टॉर्क रॉडसाठी गाडीखाली जावं लागतं, आणि इथे मी कुणाचं ऐकत नाही: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. विटा, सिमेंटचे पोकळ ब्लॉक नकोत. ते इशारा न देता फुटतात. लोखंडी स्टँड भाड्याने किंवा उसने मिळाले तर उत्तम. नसतील तर रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे तुकडे शोधा. भुसावळ पट्ट्यात ते अजून कुठे ना कुठे सापडतात. तुकडा पाच इंच जाड असतो. पुढची दोन्ही चाकं एकेक करून उचलून तुकड्यावर बसवा, मागच्या चाकांना दगड, गाडी गिअरमध्ये. चाकं लाकडावर टेकलेली असली की गाडीचं वजन तिच्या सस्पेन्शनवरच राहतं, आणि शेवटी बोल्ट आवळताना ते आपल्याला हवंच असतं. खाली जाण्याआधी गाडीला खांद्याने जोरात हलवून बघा. हलली तर जायचं नाही.

रॉडचे बोल्ट साधारण दोन किंवा तीन असतात. खोलण्याआधी मोबाइलने फोटो काढा: कुठला बोल्ट कुठून आत गेलाय, लांब कुठला, वॉशर कुठे, रॉडची कुठली बाजू वर. रॉडवर वजन नसलं तरी तो निघाला की इंजिन थोडं झुकतं, म्हणून शेवटचा बोल्ट अडकला तर ठोकाठोकी नको. कोणाला तरी वरून इंजिन हाताने हळूच पुढे-मागे ढकलायला सांगा, बोल्ट मोकळा होतो. नवा रॉड जुन्याशेजारी ठेवून लांबी आणि भोकं जुळवा. मग सगळे बोल्ट बोटांनी लावा, दोन-चार आटे. आवळू नका. का, ते पुढे येतंच आहे.

वरच्या दोघांसाठी गाडी उचलायची गरज नसते, गाडी चार चाकांवर सपाट ठेवा. सुरुवात टायमिंगच्या बाजूने करा. कूलंटची बाटली बाजूला करावी लागेल, एखादा पाइप क्लिपमधून सोडवावा लागेल; पाइप ताणू नका, एसीचे पाइप तर अजिबात हलवू नका. फाउंडेशनचा पाया बॉडीवर जिथे बसतो तिथे खडूने किंवा नेलपॉलिशने कडा आखून घ्या. काही ठिकाणी भोकं लांबट असतात आणि तीन-चार मिलिमीटरचा फरक पडला तरी इंजिन तिरकं बसतं.

आता जॅक. चेंबरच्या पत्र्याला थेट जॅक लावला की पत्रा आत दबतो आणि आतली ऑइल ओढणारी जाळी त्याला टेकून ऑइल कमी पडू शकतं. ॲल्युमिनियमचं चेंबर असेल तर ते तडकतं. म्हणून फळी, आणि तीही चेंबरच्या मध्यावर न टेकवता शक्यतो कडेच्या जाड काठांवर भार जाईल अशी. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून छोट्या गाडीत शंभर किलोच्या आसपास भरतात, आणि त्यातला बराचसा भार दुसऱ्या बाजूचं फाउंडेशन धरून असतं, म्हणून जॅकवर फार ओझं येत नाही. हळूहळू वाढवा आणि नजर इंजिनावर ठेवा. इंजिन केसभर वर सरकलं की थांबा.

इथेच लोकांचा घोळ होतो. जास्त उचललं की सोपं जाईल असं वाटतं. जास्त उचललं तर ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतच्या दांड्याचा) आतला सांधा ताणतो, सायलेन्सरचा लवचीक जोड तडकतो, रेडिएटरची होज ओढली जाते. कमी उचललं तर बोल्ट वजनाखाली चावलेला असतो आणि पाइप लावून फिरवला की आटे घेऊन बाहेर येतो. बरोबर उंची बोल्टच सांगतो: पान्याने पहिला चाप सोडवल्यावर तो बोटांनी फिरायला लागला, तर इंजिन बरोबर उंचीवर आहे. जड जातोय, तर जॅक अर्धा फेरा वर किंवा खाली. प्रत्येक बोल्टला हेच. ब्रॅकेट बहुतेक ॲल्युमिनियमचं असतं आणि त्यातले आटे एकदा गेले की पुढचं काम लेथवाल्याकडे जातं, तेव्हा इथे घाई करू नका.

एका वेळी एकच फाउंडेशन सोडायचं, दुसऱ्याला हात लावायचा नाही. काढलेल्या जागेत बोट घालून भोक जुळतंय का बघू नका. जॅक एक सूत जरी घसरला तरी बोट राहत नाही. भोकं जुळवायला पेचकस किंवा गोल सळई वापरा. फाउंडेशनच्या एखाद्या बोल्टखाली अर्थिंगची पट्टी दाबलेली असू शकते. ती परत लावायला विसरलात तर सेल्फ मारताना करंट गिअरच्या केबलमधून किंवा आणखी कुठून तरी वाट काढतो आणि गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही. मग महिनाभर बॅटरी आणि सेल्फवर संशय घेत बसाल. पट्टीचा टोकाचा भाग सँडपेपरने घासून चकचकीत करा आणि लावा.

नवं फाउंडेशन जागेवर ठेवा, पाया तुमच्या आखलेल्या कडांत बसवा, बोल्ट बोटांनी लावा. पहिले चार आटे बोटांनीच गेले पाहिजेत. नाही गेले तर बोल्ट तिरका शिरतोय, काढून पुन्हा लावा. सगळे बोल्ट लागले की जॅक खाली. गिअरबॉक्सच्या बाजूला हेच सगळं पुन्हा, फक्त फळी तिथल्या केसिंगखाली.

आता दोन्ही वरची आणि खालचा रॉड, तिन्ही जागेवर आहेत, बोल्ट शेवटपर्यंत गेलेले पण चाप न दिलेले, फक्त हलके टेकलेले. जॅक पूर्ण काढलेला, इंजिन आपल्या वजनावर. हाताने इंजिनाला पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे थोडं हलवा. बॅटरी लावा, इंजिन सुरू करा, अर्धा-एक मिनिट आयडलला राहू द्या. गाडी न्यूट्रलला हवी, गिअरमध्ये टाकायची नाही. बंद करा. त्या थरथरीतच इंजिन आपली जागा शोधतं, झोळीत ठेवलेलं मूल अंग हलवून नीट निजतं तसं. मग आवळायचं, आणि क्रम असा: आधी दोन्ही बाजूंचे बॉडीवर बसणारे बोल्ट, मग इंजिनाकडचे, आणि सगळ्यात शेवटी टॉर्क रॉड. रॉडचा बुश इंजिन जिथे आणि जसं उभं आहे त्या स्थितीतच आवळायचा. इंजिन झुकलेलं असताना तो आवळला तर त्याचं रबर कायम पिळात राहतं. थरथर थेट बॉडीत जाते आणि बुश लवकर फाटतो.

आवळायचं किती? कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला आकडाच धरा. छोट्या गाड्यांत तो बोल्टच्या जाडीप्रमाणे साधारण 45 ते 90 न्यूटन-मीटरच्या दरम्यान कुठेतरी असतो. आवळायचा जोर मोजणारा टॉर्क पाना नसेल तर कापूस मोजायचा लटकता काटा घ्या. बोल्टच्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर टॉमीच्या पाइपला खूण करा, तिथे काट्याचा हूक अडकवा आणि पाइपला काटकोनात ओढा. काट्यावर दहा किलो दिसले की सुमारे 49 न्यूटन-मीटर झाले. मॅन्युअलमध्ये 65 असेल तर सव्वातेरा किलो. हिशेब सोपा आहे: मीटरमधली लांबी गुणिले किलो गुणिले 9.81. काटकोन चुकला की आकडा चुकतो, आणि झटका न देता सावकाश ओढायचं. नुसत्या हाताच्या अंदाजापेक्षा हे पुष्कळ बरं. ‘पाइप लावून फिरेल तेवढा’ हा अंदाज ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटला चालत नाही. युरोपीय गाड्यांत, फोक्सवॅगन आणि स्कोडात विशेषतः, फाउंडेशनचे काही बोल्ट ताणले जाणारे असतात. आधी ठरावीक टॉर्क आणि मग ठरावीक अंश फिरवायचे. ते एकदाच वापरायचे असतात, नवे आणा, आणि तिथे काटा चालणार नाही.

सगळ्यांनी घरी करावं असं हे काम नाही. क्रॉसमेंबर खाली घेतल्याशिवाय रॉड निघत नसेल, बोल्ट ॲल्युमिनियममध्ये गंजून जाम झाला असेल, किंवा गाडी इलेक्ट्रिक वा हायब्रिड असून नारिंगी तारा जवळून जात असतील, तर हात लावू नका. बोलेरोसारख्या उभ्या इंजिनाच्या गाडीत रचना वेगळी: पुढे दोन बाजूंना दोन आणि मागे गिअरबॉक्सखाली एक. तत्त्व तेच, पण इंजिन जड असतं, तिथे कात्री जॅक नको, बॉटल जॅकच हवा. गाडी उंच असल्याने तो खाली मावतोही. जुन्या गाड्यांत पंखा इंजिनावरच असतो, उचलताना तो रेडिएटरच्या कव्हरला टेकत नाही ना हे बघत राहा.

पहिल्या दिवशी गाडी किंचित कडक वाटेल, नव्या रबराचा तो स्वभाव आहे, काही दिवसांत सैलावतं. बॅटरी काढलेली असल्याने आयडल थोडा वेळ वर-खाली होऊ शकतो, तोही चालवता चालवता सावरतो. आठवडाभर चालवून झाल्यावर, आणि मध्ये एकदा कन्नड घाटासारखा चढ-उतार झाला असेल तर उत्तमच, सकाळी थंड इंजिनावर सगळे बोल्ट पुन्हा काट्याने तपासा. एखादा बोल्ट त्याच आकड्यावर फिरला तर तो सैल झाला होता. तो आवळा आणि पुढच्या आठवड्यात फक्त तोच पुन्हा बघा. त्यानंतरही एसीवर थरथर तेवढीच राहिली, तर टॉर्क रॉडचे बोल्ट ढिले करून इंजिन सुरू-बंद करा आणि ते पुन्हा आवळा. त्यानेही फरक पडला नाही, तर फाउंडेशनचा नाद सोडून प्लग आणि कॉइलकडे वळा.